तुमची मेंढी खेळण्यासारखी का दिसते?

तुम्ही पाठवलेला लोकरीच्या चित्राचा फोटो मोठा करून नीट पाहिला. चरणारी मेंढी, तिच्या पोटाशी कोकरू, मागे हिरवट-करडा उतार. उताराचा पाया साबण-पाण्यानं फेल्ट केलेला, म्हणजे लोकर घोळून घट्ट जमवलेला, आणि जनावरं सुईनं टोचून वर बसवलेली. तुमच्या तक्रारी चार आहेत. मेंढी कापूस भरलेल्या खेळण्यासारखी दिसते, पाया आटताना वाकडा झाला, सगळीकडे लव उभी राहिली आणि हे भिंतीवर टांगायचं कसं, कसरीपासून वाचवायचं कसं हे कळत नाही. शेवटच्या तिन्हींना ठरलेले उपाय आहेत, ते सांगतेच. पण पहिल्या तक्रारीवर जास्त लिहिणार आहे. ती सुटली नाही तर बाकी सगळं करूनही चित्र मेलेलंच राहील.

तुमच्या मेंढीची मापं जवळजवळ बरोबर आहेत. चूक टोचण्यात आहे. नाकपुडीपासून शेपटीपर्यंत तुम्ही सगळं सारखंच घट्ट केलंय. खऱ्या मेंढीच्या अंगावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. बहुतेक जातींमध्ये तोंड आणि गुडघ्याखालचे पाय आखूड, चपट्या केसांचे असतात आणि त्यातून खालचं हाड कळतं. धडावर मात्र लोकर असते, तिच्यात खालचा आकार बुडून जातो. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला बरोबर कळतं. तोंड आणि धड एकाच पोताचं दिसलं की डोळा म्हणतो, हे शिवलेलं आहे.

म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी पहिलं जनावर एकाच रंगाच्या लोकरीत करायला लावते. पांढऱ्यावर पांढरं. डोळ्यालासुद्धा काळा तंतू वापरायचा नाही. पहिल्या दिवशी सगळे वैतागतात. दुसऱ्या दिवशी काम खिडकीशी, बाजूनं उजेड येईल असं धरलं की कळतं: जिथं घट्ट टोचलंय तिथं खळगा झालाय आणि कडेला सावली पडलीय, जिथं सैल सोडलंय तिथं उजेड तंतूंत अडकून पसरलाय. लोकरीच्या चित्रात सावली रंगानं भरण्याआधी सुईनं खणायची असते. एकरंगी मेंढी ओळखू आली की मग रंगांचे डबे उघडा.

आता सुई नक्की काय करते ते बघू, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडं मुळाकडून टोकाकडे. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेनं सहज सरकतो आणि उलटा अडकतो. ऊन पाणी, साबण आणि घोळणं मिळालं की हे तंतू एकमेकांत पुढेपुढे सरकत जातात आणि परत सुटत नाहीत. हे झालं ओलं फेल्टिंग. सुईचं काम वेगळं. तिच्या कडांवर बारीक खाचा असतात, त्या अशा दिशेनं की आत जाताना तंतू ओढून नेतील आणि बाहेर येताना सोडून देतील. म्हणजे सुई खवल्यांवर विसंबून नसते. म्हणूनच मशीनमध्ये न आटणारी म्हणून विकली जाणारी, खवल्यांवर प्रक्रिया केलेली लोकर सुईनं बसते, पण साबण-पाण्यात कितीही घोळली तरी फेल्ट होत नाही. एकदा एका विक्रेत्यानं मला साधी मेरिनो, म्हणजे बारीक मऊ लोकर, म्हणून तीच दिली होती. तीन तास घोळून हातात ओला, सुळसुळीत गोळा तेवढा उरला. तेव्हापासून नवी लोकर आली की चिमूटभर घेऊन तळहातावर साबणाच्या पाण्यात घोळते. दोन-चार मिनिटांत गोळी धरली नाही तर ती चित्राच्या पायाला वापरत नाही.

यातून कामाची गोष्ट एवढी की सुई जितकी खोल जाईल तितक्या खोलीवर घट्टपणा तयार होतो. खोल टोचलं तर गाभा घट्ट होतो. वरवर टोचलं तर फक्त साल बसते, आत मऊ राहतं. तोंडाला आधी खोल, मग वरवर. धडाला फक्त कडेनं आणि फेल्टच्या पायाशी जोडणाऱ्या जागी खोल, मधे जवळजवळ नाहीच. तुम्ही धडाला मध्यभागी सगळ्यात जास्त टोचलंय. तिथंच ती मेंढी उशी झाली.

सुयांचे नंबर उलटे चालतात, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. ३६ जाड, आकार पटकन बसवायला. ३८ सर्वसाधारण कामाला. ४० शेवटचा हात फिरवायला. तुम्ही एकच सुई वापरलीत असं लिहिलंय आणि छिद्रं बघता ती ३६ असावी. ज्या कोनात सुई आत गेली त्याच कोनात बाहेर काढा. आत असताना मनगट वळलं की टोक मोडतं. मोडलेलं टोक कामात राहू देऊ नका. मी शेजारी लोहचुंबक ठेवते आणि टोक हरवलं की ते सापडेपर्यंत पुढचं टोचत नाही. भिंतीवरच्या चित्राला कुणी ना कुणी हात लावून बघतंच.

आता तोंड. मी कसं करते ते सांगते, तुम्ही तुमच्या पद्धतीनं बदला.

जाडसर लोकरीचा बोटभर लांब पाचरीसारखा तुकडा घेते, कपाळाकडे रुंद, नाकाकडे निमुळता. चित्रात काहीही ठेवण्याआधी तो स्पंजवर वेगळाच सगळ्या बाजूंनी टोचते, इतका की चिमटीत धरल्यावर खोडरबरासारखा लागावा. मग पायावर ठेवून कडेनं जोडते. यानंतर पहिली जागा डोळ्याची, पण डोळा नाही, डोळ्याचा खळगा. ३८ च्या सुईनं एकाच ठिकाणी वीस-पंचवीस वेळा. खळगा झाला की त्याच्या वरची भुवईची कड आपोआप पुढे येते. तिथून नाकपुडीपर्यंत गालाच्या हाडाखालून एक तिरकी ओळ टोचली की मेंढीच्या तोंडाचा लांबट, किंचित बाकदार घाट दिसायला लागतो. अजून रंग लावलेला नाही, तरी ती मेंढी आहे हे कळलं पाहिजे. नाही कळलं तर रंग लावून काही होत नाही, हे मी पुष्कळ लोकर वाया घालवून शिकले.

डोळे आपल्याला वाटतं त्यापेक्षा वर असतात, कानाच्या बुडाच्या जवळ. माणसाचा चेहरा बघायची सवय असल्यानं आपण ते खाली आणि समोर आणतो आणि मेंढी कार्टूनमधली होते. मेंढीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. तोंड अर्धवट वळलेलं असेल तर पलीकडचा डोळा दाखवायचा मोह टाळा, भुवईचा उंचवटा पुरतो.

बाहुली गोल करू नका. मेंढी आणि शेळी दोघींची बाहुली आडवी, लांबट चौकोनासारखी असते आणि त्यात एक गंमत आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की ही जनावरं चरायला मान खाली घालतात तेव्हा डोळे खोबणीत पन्नास अंशांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. चरता चरता क्षितिजावर लक्ष ठेवायचं असतं ना. तुमची मेंढी मान खाली घालून चरतेय आणि तुम्ही बाहुली तोंडाच्या रेषेत, म्हणजे तिरकी ठेवलीय. ती उतरवून जमिनीला समांतर करा. चित्राला दुसरं काहीही न करता ती मेंढी सावध दिसायला लागेल.

डोळा करताना काळ्या लोकरीचा ठिपका ठेवून टोचला तर तो पसरतो. त्यापेक्षा सात-आठ तंतू थोडं पाणी लावून बोटात वळा, बारीक वळकटी होईल. ती आडवी ठेवून ४० च्या सुईनं बसवा. वरच्या पापणीला तशीच तपकिरी वळकटी, बाहुलीला अगदी टेकून. शेवटी पांढऱ्याचे तीन-चार तंतू चमकेसाठी, पापणीच्या सावलीच्या किंचित खाली. काचेचे मणी मी वापरत नाही. भिंतीवरच्या सपाट कामात ते एकटेच चकाकतात आणि बाकी सगळं त्यांच्यापुढे निस्तेज पडतं. पण ही माझी आवड झाली.

कान डोक्याच्या माथ्यावर नसतात, बाजूला असतात, आणि शिंगं असतील तर शिंगांच्या खाली. मेंढी आणि शेळी यांच्यात गल्लत होत असेल तर शेपटी बघा: शेळीची सहसा वर, मेंढीची खाली लोंबती. कोकराचे पाय तुम्ही सरळ काठ्या केलेत. मागच्या पायाचा जो सांधा आपण चुकून उलटा गुडघा समजतो, ती खरी त्याची टाच. गुडघा वर, पोटाच्या रेषेपाशी असतो. टाचेचा मागे निघालेला कोपरा दिसला पाहिजे, नाहीतर जनावर उभं राहत नाही, नुसतं चिकटवल्यासारखं वाटतं.

धडाच्या लोकरीसाठी पिंजलेली लोकर आणि कुरळ्या बटा यांची मिसळ करा. बटा लांब लोकरीच्या मेंढ्यांच्या मिळतात, वेन्सलीडेल, लिंकन वगैरे. अंगोरा शेळीच्या केसांच्या, म्हणजे मोहेरच्याही चालतात. बट फक्त मुळाकडून टोचायची, टोक मोकळं सोडायचं. सुरुवात पोटाच्या खालच्या कडेपासून आणि वर चढत जायचं, म्हणजे प्रत्येक ओळ खालच्या ओळीची टोचलेली जागा झाकते. तुम्ही वरून खाली आलात, म्हणून टोचल्याच्या सगळ्या जागा उघड्या पडल्या. आणि बटा सगळीकडे लावू नका. मानेभोवती, पोटाखाली, मांडीवर पुरेत. पाठीवर नुसती सैल पिंजलेली लोकर ठेवली की उजेडात ती विरघळल्यासारखी दिसते.

रंगाचं एकच सांगते. पांढरी मेंढी शुभ्र लोकरीनं करू नका. न रंगवलेल्या लोकरीतच मलईपासून राखाडी-तपकिरीपर्यंत इतक्या छटा आहेत की त्यांतून अर्धी मेंढी होते. पोटाखालच्या सावलीला थोडा निळसर करडा घाला. छटा मिसळताना दोन लहान पिंजणीच्या ब्रशांमध्ये लोकर तीन-चार वेळाच ओढायची. पूर्ण एकजीव झाली की तो रंग पाकिटातल्या रंगासारखाच सपाट होतो.

इथं थोडं विषयांतर करते. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथं बर्फात गोठलेली थडगी सापडली. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी तिथं उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुनं फेल्ट निघालं. त्यात सुमारे साडेचार बाय साडेसहा मीटरचा एक भिंतीवरचा पडदा आहे, घोडेस्वारांचा, आणि फेल्टचेच भरीव हंस. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. त्या पडद्यावरच्या घोड्यांना छाया-प्रकाश नाही. रंगीत फेल्टचे कापलेले तुकडे शिवलेले आहेत, सगळी भिस्त बाहेरच्या रेषेवर. मध्य आशियातल्या किरगिझ बायका शिरडाक नावाच्या फेल्टच्या गालिच्यांवर मेंढ्याचं फक्त वळलेलं शिंग काढतात, अख्खा मेंढा नाहीच. शिरडाक आणि अला-कियिझ (फेल्टच्या गालिच्याचाच दुसरा प्रकार) या दोन्ही कलांना २०१२ साली युनेस्कोनं तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. हे सांगायचं कारण असं की जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कळपाबरोबर राहिली, त्यांना मेंढा दाखवायला एका वळणाची रेघ पुरली. तुमच्या चित्रात कोकराच्या अंगावर चौदा काळे ठिपके आहेत. मोजले मी. त्यांनी कोकराची रेषाच मोडलीय. तीन ठेवा.

पायाकडे येऊ. तुमचा पाया एका बाजूनं जास्त आटला, कारण गुंडाळी करून तुम्ही एकाच दिशेनं घोळलीत. फेल्ट ज्या दिशेनं गुंडाळावं त्या दिशेनं जास्त आटतं. ठरावीक वेळा घोळलं की उलगडून पाव फेरा फिरवायचं, मग पालथं करायचं, पुन्हा पाव फेरा. लोकरीचे थरही आलटून पालटून आडवे-उभे घालावे लागतात. जिथं थर पातळ पडला तिथं कड आत ओढली जाते.

आणि मोठ्या कामाआधी नमुना करा. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटायचं. २० बाय २० सेंटिमीटरच्या चौकोनात १० ग्रॅम लोकर चार थरांत घालून पूर्ण फेल्ट करा आणि मोजा. समजा १४ सेंटिमीटर उरलं. तर तयार ६० सेंटिमीटरच्या चित्राला ६० गुणिले २० भागिले १४, म्हणजे जवळपास ८६ सेंटिमीटरपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याच जाडीला लोकर लागेल साधारण १८५ ग्रॅम. दुसरी लोकर घेतली की नमुना पुन्हा. फेल्ट झालं की नाही हे चिमटीनं बघायचं: वरचा तंतू चिमटीत उचलला आणि अख्खा कपडा वर आला तर झालं, नुसता तंतू आला तर अजून घोळा. शेवटी साबण पूर्ण काढा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की साबणाचा क्षार मरतो.

तुमचा आत्ताचा पाया वाचू शकतो. लांब राहिलेली बाजू तेवढी गरम पाण्यानं भिजवा, साबण लावून तळहातानं चोळा म्हणजे ती आटेल. आखूड बाजू ओली असतानाच हातानं ताणा. फार येणार नाही, एखाद-दोन सेंटिमीटर. मग टॉवेलवर टाचण्या लावून काटकोनात सुकवा. जनावरांवर पाणी जाऊ देऊ नका.

लव उभी राहण्याचं कारण जाड सुई, तेवढंच. ४० ची सुई आडवी धरून, जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाईल अशी तोंडावर आणि पायांवर फिरवा. उरलेले तंतू बारीक कात्रीनं. उतारावर ओलं फडकं ठेवून इस्त्रीचा हलका दाब द्या, पण मेंढीच्या जवळपासही इस्त्री नेऊ नका. मी एकदा नेली होती, आणि पंधरा तासांचा बोकड चपाती झाला.

कसर. पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. तिला अंधार आवडतो, न हलवलेल्या जागा आवडतात आणि घाम-तेलकटपणा असलेली लोकर सगळ्यात आधी आवडते. एकदा मला बटा इतक्या सुंदर वाटल्या की चमक जाईल म्हणून मी त्या नीट धुतल्याच नाहीत, तशाच लावल्या. दोन वर्षांनी चित्र दुरुस्तीला परत आलं. पाया शाबूत, तोंड शाबूत, आणि मेंढीचं धड मात्र बोडकं, मागच्या बाजूनं बारीक जाळ्या आणि वाळूसारखी विष्ठा. अळीनं नेमक्या न धुतलेल्या बटा निवडून खाल्ल्या होत्या.

तेव्हा कच्ची लोकर आली तर आधी मळ आणि तेल काढून धुवा. तयार काम आणि साठवलेली लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, लोकरीवर नाही. भिंतीवर लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी उतरवून मागची बाजू बघायची आणि झटकायची. सुगंधी पुरचुंड्यांवर माझा फार भरवसा नाही.

टांगण्यासाठी कोपऱ्यांत खिळे ठोकू नका, वजनानं मधली कड झोळीसारखी लोंबते. मागे वरच्या कडेला पूर्ण रुंदीभर सुती पट्टी शिवा, त्या पट्टीवर वेल्क्रोची मऊ बाजू शिवा. खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर पक्की करून ती पट्टी भिंतीला स्क्रूनं बसवा. वजन सगळीकडे वाटलं जातं आणि तपासायला चित्र ओढून काढता येतं. काच लावायचीच असेल तर ती लोकरीला टेकता कामा नये, मधे अंतर ठेवणारी पट्टी हवी. थेट ऊन पडेल तिथं लावू नका, रंग उडतो. उजेड मात्र वरून किंवा बाजूनं येऊ द्या. समोरून दिवा मारला तर सुईनं खणलेल्या सगळ्या सावल्या पुसल्या जातात.

आता या मेंढीचं काय करायचं? फेकू नका. तोंड धारदार कात्रीनं पायालगत कापून काढा. खाली टोचलेले तंतू पायात राहतील, त्यांना हात लावू नका, नवं तोंड त्यांच्यावरच पकड घेईल. धडाच्या मध्यभागी घट्ट झालेली लोकर सुईच्या टोकानं उचकटून सैल करा, अर्धी तरी वर येईल. नवं तोंड स्पंजवर वेगळं करा, पण दोन करा, आणि दोन्ही पायावर नुसती ठेवून रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कुठलं बसवायचं ते बघताक्षणी कळेल.